तिची फाइल जागेवरच होती

१४ मार्च

बारक्या,

पाच तारखेला, मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास मी रक्तपेढीतल्या त्या कॉम्प्युटरसमोर बसलो आणि दोन फाइली शेजारी शेजारी उघडल्या. डावीकडे जुनी, उजवीकडे तू बनवलेली नवी. ओळी त्याच, क्रम तोच. फरक एका आकड्याचा. कमाल तापमान डावीकडे पाच, उजवीकडे आठ.

डावीकडच्या पाचाच्या वर एक ओळ होती. तिथल्या तंत्रज्ञबाईंनी तीन वर्षांपूर्वी लिहिलेली. "या फ्रिजचा काटा एक अंश कमी दाखवतो, म्हणून सहाऐवजी पाच. कृपया बदलू नये." कृपया लिहिलंय बघ. कॉम्प्युटरला कृपया.

उजवीकडे अशी ओळ नव्हती. असणार कुठून? ती फाइल तू तुझ्या टेबलाशी बसून बनवलीस, तिने तो फ्रिज कधी पाहिला नाही. आठ हा आकडा लसींच्या फ्रिजसाठी आपण पहिल्यापासून भरून देतो आणि ज्याने त्याने तो आपापल्या फ्रिजप्रमाणे बदलायचा असतो. बाईंनी बदलला होता. तरी कॉम्प्युटर आठच धरून चालला होता.

पुढचं तुला कळलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक. शनिवारी संध्याकाळपासून फ्रिज तापत गेला. काटा सात पूर्णांक चारवर गेला, म्हणजे आत साडेआठच्या आसपास. रक्त सहाच्या वर चढू द्यायचं नसतं. आपल्या 'पहारा' प्रोग्रॅमने पाचाच्या वर काटा गेल्याबरोबर बाईंच्या फोनवर हाक मारायला हवी होती. मारली नाही. रविवारी सकाळी एकतीस पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. त्या दिवशी जिचं ऑपरेशन होतं तिला गाडीत घालून पुढच्या शहरात न्यावं लागलं. ती वाचली, ही देवाची कृपा. त्यात तुझं किंवा माझं काही श्रेय नाही.

आणि परवा तुझ्या कंपनीचा अहवाल आला. त्यातलं एक वाक्य मला पाठ झालंय: "संबंधित कर्मचाऱ्याने मर्यादा निश्चित केली नव्हती, प्रणाली मूळ मर्यादेवर चालत होती." या एका वाक्यावर बाईंना घरी बसवलंय. सोळा एप्रिलला चौकशी समिती बसणार आहे. ते वाक्य तसंच राहिलं तर सतरा वर्षांची नोकरी गेली आणि पुन्हा कुठली रक्तपेढी त्यांना दारात उभं करणार नाही.

मूळ म्हणे! मूळ कोणतं रे? तीन वर्षं चाललेली तिची फाइल मूळ, की तू फेब्रुवारीत पाठवलेली?

फोन तू उचलत नाहीस. ईमेल केला तर तुझ्या कंपनीतलं कोणीतरी "आपला संदेश मिळाला" एवढं कळवतं. म्हणून हे कागदावर. तुझ्या घरच्या पत्त्यावर आलेलं पाकीट तरी तू स्वतः फोडशील.

आता जे तुला सांगायची मला लाज वाटते ते सांगतो, कारण हे तू माझ्याच शेजारी बसून शिकलास. लिनक्समध्ये प्रोग्रॅम आपले असतात, पण सेटिंगच्या फाइली ज्या फोल्डरात राहतात, तो एटसी, तो वापरणाऱ्याचा. त्याच्या घरातलं कपाट म्हण. आपण पहिल्यांदा फाइल ठेवून देतो, आणि त्याने ती एकदा बदलली की ती त्याची झाली. म्हणून तर अपग्रेडच्या वेळी प्रोग्रॅम चढवणारी पॅकेजवाली यंत्रणा थांबते आणि विचारते: तुम्ही ही फाइल बदललेली दिसते, तुमची ठेवू की आमची टाकू? काही न बोलता नुसतं एंटर दाबलं, तर त्याचीच राहते. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, ज्याने कोणी हे बांधलं तो सभ्य घरातला माणूस असणार.

बाईंना तो प्रश्न विचारलाच गेला नाही. तू एका 'पहारा'ची दोन पॅकेजं केलीस, तापमान घेणारी 'मोजणी' माझ्याकडे आणि फोन करणारी 'हाक' तुझ्याकडे. ते करताना मर्यादांची फाइल 'पहारा'च्या फोल्डरातून उचलून 'हाक'च्या नव्या फोल्डरात नेलीस, म्हणजे तुझ्यापाशी असलेली कोरी फाइल नेलीस. नवी जागा, नवी फाइल. यंत्रणेच्या दृष्टीने तिथे आधी काहीच नव्हतं, मग ती विचारणार कशाबद्दल? गुपचूप आठ ठेवून दिलं. बाईंची फाइल जुन्या जागेवर तशीच होती, अक्षरही न हललेलं. ती वाचणारंच कोणी उरलं नव्हतं.

दोन ओळी लागतात. पॅकेजच्या स्क्रिप्टमध्ये दोन ओळी लिहिल्या की जुनी फाइल आधी नव्या जागी जाते, तिच्यातल्या बदलांसकट. त्या दोन ओळी तू लिहिल्या नाहीस.

मी रुग्णालयाच्या कार्यालयात "तपासून सांगतो" एवढंच म्हणून आलो. तू तुझ्या कंपनीला ते वाक्य मागे घ्यायला लाव. एवढंच मागतोय.

दादा

२३ मार्च

बारक्या,

तुझा निरोप तुझ्या वहिनीच्या फोनवर आला. तिने तो मला मोठ्याने वाचून दाखवला आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. "दादाला सांग, नव्या मशीनवर सगळं नीट चालतं. शिवाय बदलांच्या यादीत लिहिलं होतं."

यादी मी काढून पाहिली. एकोणीस मुद्दे आहेत. चौदावा मुद्दा: "मर्यादांची फाइल नव्या जागी." चार शब्द. तेराव्यात तू चिन्हाचा रंग बदलल्याचं लिहिलंयस, त्याला दोन ओळी दिल्यास. रक्तपेढीत काम करणाऱ्या बाईने फ्रिज सांभाळायचा, पिशव्यांवरच्या तारखा बघायच्या, नातेवाइकांचं बोलणं खायचं आणि वर तुझ्या यादीतला चौदावा मुद्दा वाचून ओळखायचं की आपण लिहिलेला पाच आता कोणी मानत नाही?

आणि नव्या मशीनवर चालतं, हे काय उत्तर झालं! नवं मशीन कोरं असतं. त्यावर कोणाच्या हातचं काही नसतं. त्यावर काय बिघडणार? आपल्याकडून घेतलेलं एक तरी मशीन आज कोरं आहे का?

काल मी बाईंच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जिन्यात कुणाची तरी सायकल आडवी. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसल्या, हातात टॉवेल, त्याच्या घड्या घालायच्या आणि उलगडायच्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. मला वाटलं होतं चिडतील. मी तयारी करून गेलो होतो.

त्या म्हणाल्या, "खरं सांगा, मी तो आकडा बदलला होता का हो? मला आता खात्री वाटेनाशी झालीये."

बारक्या, याचा विचार कर. ज्या बाईने स्वतःच्या हाताने आकडा बदलला, वर कारण लिहिलं, कृपया लिहिलं, ती आता रोज उठून स्वतःला विचारतेय की मी ते केलं होतं की मला तसं वाटतंय. तुमचा इंजिनियर आला, त्याने नवी फाइल उघडली, आठ बघितला, फोटो काढला आणि गेला. तोच फोटो सगळ्यांना दाखवला गेला. बाईंनासुद्धा. स्वतःच्या डोळ्यांनी आठ पाहिल्यावर माणूस काय म्हणणार?

मी म्हटलं, "बदलला होता. तुमची फाइल अजून आहे. मी पाहिलीय."

त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारलं, मग कॉम्प्युटरने ती फाइल वाचली का नाही? मी समजावलं, जमेल तसं. कपाट बदललं आणि जुन्या कपाटातलं सामान आणलं नाही, असं काहीतरी. त्या हसल्या, म्हणाल्या, आमच्या घरमालकानं असंच केलं होतं, फक्त त्याने आधी सांगितलं होतं.

मग त्यांनी विचारलं की हे बाहेर पाठवायच्या आधी कोणी तपासत नाही का.

मी म्हटलं, तपासतात. तपासणारा चुकला असेल. आणि पाणी मागितलं.

तू लिही त्यांना. दोन ओळी तिथे लिहिल्या नाहीस, इथे लिही.

दादा

४ एप्रिल

बारक्या,

अखेर फोन केलास. सात आठवड्यांनी तुझा आवाज ऐकला आणि पहिलं वाक्य काय ऐकलं?

"दादा, सही कोणाची आहे?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. ती मी अजून हलवलेली नाही. खाली सायकल दुरुस्तीवाला चाकं फिरवून बघत होता, त्याचा आवाज येत होता. रागाने माझे कान गरम झाले होते, आणि तो राग तुझ्यावर ठेवावा तर तो तिथे टिकत नव्हता.

तर ऐक. दोन पत्रं मी तुला शिकवणी घेतल्यासारखी लिहिली, आणि त्यांत जे लिहिलं नाही ते आता लिहितो. सही माझी आहे. सगळ्यांकडे पॅकेजं जिथून जातात त्या आपल्या भांडारातून काहीही बाहेर जायचं तर माझ्या डिजिटल किल्लीची सही लागते, आणि ती किल्ली फक्त माझ्याकडे आहे. सोळा फेब्रुवारीला तू दोन्ही पॅकेजं माझ्यापुढे ठेवलीस. तू म्हणालास, जरा बघून घे. मी एका कोऱ्या मशीनवर ती चढवली, हाक वाजली, सही केली. वीस मिनिटं. एरवी मी तीन दिवस घेतो हे तुला माहीत आहे. जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करून बघायचं, माणसाने बदललेली फाइल मुद्दाम ठेवून बघायचं, हे सगळं मीच तुला शिकवलेलं. त्या दिवशी मला ते करायचं नव्हतं. तू 'हाक' घेऊन त्या कंपनीत चालला होतास आणि माझ्या मनात एकच होतं, जा एकदाचा. रागाने सही केली, बारक्या. तपासून केली नाही.

आणि पाच मार्चला रक्तपेढीत दोन फाइली शेजारी उघडल्या तेव्हा दहा मिनिटांत मला कळलं होतं. कार्यालयात तेव्हाच सांगता आलं असतं. "तपासून सांगतो" म्हणालो. काय तपासायचं राहिलं होतं? तुमच्या अहवालाच्या आधी एक आख्खा आठवडा माझ्याकडे होता. मी बोललो असतो तर ते वाक्य लिहिलंच गेलं नसतं. रोज सकाळी डोळे मिटून देवापुढे बसत होतो आणि नाव घेऊन उठत होतो, जसं काही झालंच नाही.

हे झालं माझं. आता तुझं.

तू म्हणालास, "दोघंही वाचतो ना यात. पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करून टाकू. बाईचं काय, तिला दुसरीकडे लावू कुठेतरी, माझ्या ओळखी आहेत."

लावू कुठेतरी! बाई म्हणजे काय स्टूल आहे? तिने काही चुकीचं केलं नाही, हे तुला ठाऊक आहे, आणि तू तिला माफी मिळवून देतोयस.

आणि गुपचूप म्हणजे कसं? एकेचाळीस ठिकाणी आपला 'पहारा' आहे. कुठे रक्त, कुठे लसी, एका ठिकाणी कुणाच्या डोळ्यांचे थेंब. त्यांतल्या किती जणांनी आकडे बदलले होते ते तुला माहीत नाही, मलाही नाही. आज या घडीला त्यांतले किती फ्रिज आठ धरून बसलेत? त्यांना वाटतंय कोणीतरी पहाऱ्यावर आहे. तुझी पुढची आवृत्ती जूनमध्ये. जूनपर्यंत एकेचाळीस ठिकाणचं काय ते देवाने बघायचं, असंच ना?

शिवाय आता ते तितकं सोपंही राहिलेलं नाही, हे तरी लक्षात घे. या सात आठवड्यांत कोणी नव्या फाइलमध्येही बदल केला असेल. मग जुनी फाइल माणसाच्या हातची आणि नवीही माणसाच्या हातची. तिथे तू जुनी नेऊन नवीवर टाकलीस तर पुन्हा तेच पाप, उलट्या बाजूने. नवी फाइल आपण दिली तशीच असेल तरच तिच्या जागी जुनी न्यायची. दोन्ही बदललेल्या असतील तर हात लावायचा नाही, त्या माणसाला गाठून सांगायचं. म्हणजे प्रत्येकाशी बोलावं लागणार. गुपचूप बोलता येत नाही.

आपल्या शाळेत चार वर्ग एका खोलीत बसायचे आणि गुरुजी एकच. दुसऱ्याच्या पाटीवरचं पुसायचं असलं तर ते आधी त्या मुलाला उभं करायचे आणि विचारायचे, तुझं लिहून झालं का. पहिलीतल्या पोरालासुद्धा. तू त्या खोलीत माझ्यानंतर नऊ वर्षांनी बसलास, तेव्हाही गुरुजी तेच होते. कंपनीत गेल्यावर हे विसरायचं ठरलंय का तुमच्यात?

दादा

९ एप्रिल

बारक्या,

थोडक्यात लिहितो. तुझ्या वहिनीला मी सगळं सांगितलं, सहीसकट. ती भांडी पुसत होती. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तुम्ही दोघं भाऊ भांडून वेगळे झालात, त्यात त्या बाईचं सामान बाहेर पडलं. आता एकमेकांना पत्रं कसली लिहिताय?"

खरंच, हे चौथं पत्र. सव्वीस दिवस मी तुला पत्रं लिहितोय आणि ज्यांना लिहायला हवं त्यांना एकही ओळ नाही.

तू फोनवर शेवटी म्हणालास, माझं नाव यात आलं तर माझी जागा जाईल, आणि मी तुला भाऊ म्हणून विचारतोय. ते शब्द माझ्या मनातून गेलेले नाहीत. आई गेल्यावर तुझे केस मी कापायचो, वाकडेतिकडे. तुझी जागा जाणं माझ्या जिवाला लागेल. पण बाईंची गेलीच आहे, आणि ती आपल्यामुळे गेली.

कामाला लागलोय. दुरुस्तीची स्क्रिप्ट लिहून झाली. अपग्रेडच्या अठरा तऱ्हा करून पाहिल्या, जुन्या फाइलीत बदल, नव्यात बदल, दोन्हींत, फाइल मुद्दाम काढून टाकलेली, सगळ्या. या वेळी चार दिवस घेतले.

सोळा तारखेपर्यंत तुझ्याकडून पत्र आलं तर ते सोबत घेऊन जाईन.

दादा

१७ एप्रिल

बारक्या,

पत्र आलं नाही. काल मी एकटा गेलो.

समितीची खोली पहिल्या मजल्यावर, लांब टेबल, पलीकडे तिघंजण. बाई भिंतीकडच्या खुर्चीवर होत्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून. तुमच्या कंपनीचा तो इंजिनियर आला होता, चांगला मुलगा आहे, त्याला कोणी दुसरी फाइल बघायला सांगितलंच नव्हतं. मी दोन्ही फाइली छापून नेल्या होत्या, शेवटच्या बदलाच्या तारखांसकट. जुनीवर तीन वर्षांपूर्वीची तारीख, नवीवर अपग्रेडचा दिवस. अध्यक्षांनी बाईंची ओळ मोठ्याने वाचली. 'कृपया बदलू नये'पाशी थांबले आणि चष्मा काढला.

त्यांनी मला विचारलं, हे तुम्हाला केव्हापासून माहीत होतं? मी म्हटलं, पाच मार्चपासून. मग का बोलला नाहीत? मी म्हटलं, भ्यालो. तिथे ते तसं म्हणणं अवघड गेलं नाही, जिना चढताना जास्त अवघड वाटत होतं. बाईंनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मी पाणी का मागितलं ते त्यांना कळलं असावं. नंतर जिन्यात त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांनी का बोलावं?

निर्णय आठवड्याने सांगणार आहेत. अध्यक्ष निघताना एवढंच म्हणाले की ते वाक्य आता कागदावर राहणार नाही.

तिथून मी आपल्या खोलीवर आलो. जेवलो नाही. एकेचाळीस ठिकाणांची यादी काढली, प्रत्येकाला पाठवायची सूचना आधीच लिहून ठेवली होती, ती पुन्हा वाचली. तुझ्या पत्राची वाट बघत ती इतके दिवस अडवली, तेही माझंच चुकलं. त्यात एकोणीस मुद्दे नाहीत, एकच आहे, आणि तो पहिल्या ओळीत आहे. तुला शब्दशः कळवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून ऐकावं लागणार नाही:

"फेब्रुवारीच्या आवृत्तीत तुम्ही ठरवलेल्या तापमानाच्या मर्यादा आमच्या चुकीमुळे लागू राहिलेल्या नाहीत. आजच फ्रिजची मर्यादा स्वतः पाहून घ्या. तुमची जुनी फाइल सुरक्षित आहे. यात तुमची काहीही चूक नाही. पॅकेज वेगळं करताना माझ्या धाकट्या भावाने फाइल हलवली, आणि ते न तपासता मी सही केली."

खाली दोघांची नावं आहेत, माझं आधी. तुझं गाळून पाहिलं होतं. गाळल्यावर ते वाक्य तुमच्या कंपनीच्या वाक्यासारखं दिसायला लागलं, अर्धं. म्हणून पुन्हा घातलं.

तू रागावशील. रागाव. दार उघडं आहे, खुर्चीही आहे, आणि तुझी जागा गेली तर इथे काम पुष्कळ आहे. पण ते तू आल्यावर बोलू.

एकदा देवाचं नाव घेतलं, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी एकेचाळीस ठिकाणी ती सूचना पाठवून दिली.

दादा